रॅपखाली फुगा आला तर घाबरू नका, टेन्शन कुठं राहिलं ते बघा

यंदा एप्रिलमध्ये आमच्या पांढऱ्या स्विफ्टला सॅटिन ग्रे रॅप करायचं, म्हणजे रंग न मारता पत्र्यावर रंगीत प्लास्टिकची फिल्म चिकटवायची, माझ्या डोक्यात आलं. यूट्यूबवर दहा-बारा व्हिडिओ बघितले, रोल मागवला, आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाजींना हाताशी घेऊन बॉनेटला भिडलो. तासाभरानं मागं सरकून बघितलं तर बॉनेटभर हे एवढाले फुगे. मग मी टाचणी घेऊन एकेक फोडत, दाबत बसलो आणि दुपारपर्यंत दिसायला एकदम झकास झालं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, लोकांनी अंगठे पण दिले.

तीन आठवड्यांनी बॉनेटच्या पुढच्या कडेला, ग्रिलच्या बरोबर वर, साडीखालून परकर दिसावा तशी पांढरी रेघ दिसायला लागली. फिल्म दोन-तीन मिलिमीटर आत सरकली होती. आणि फुगे? फोडलेला एकही फुगा परत आला नव्हता.

तिथं माझी ट्यूब पेटली. फुगा डोळ्याला दिसतो म्हणून सगळे त्याच्यामागं लागतात, तो बिचारा पाच मिनिटांत जातो, पण फिल्म लावताना तिच्यात जो ताण राहतो तो दिसत नाही आणि नंतर वसुली करतो. रॅपवाले ह्याला टेन्शनच म्हणतात. हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या रेडियमवाल्या दादानं, जो पंधरा वर्षं नंबरप्लेटा, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि छोट्या हत्तीच्या जाहिराती चिकटवतोय आणि हल्ली पूर्ण गाड्या पण रॅप करतो.

आधी ही फिल्म म्हणजे काय ते बघू, कारण ते कळलं की पुढचं अर्धं आपोआप कळतं. फिल्म म्हणजे पीव्हीसी, तेच जे बाथरूमच्या पाइपात असतं, फक्त फिल्ममध्ये प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मुरवलेलं असतं म्हणून ती मऊ पडते. हे मऊ पीव्हीसी १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या केमिस्टला सापडलं, आणि गंमत म्हणजे तो रबर धातूला चिकटवायला गोंद शोधत होता. गोंद राहिला बाजूला, हे प्लास्टिक हाती लागलं. आज आपण तेच प्लास्टिक गोंद लावून गाडीच्या पत्र्याला चिकटवतोय.

फिल्म बनते दोन तऱ्हेनं आणि तो फरक स्वयंपाकघरात उभं राहिलं की कळतो. कॅलेंडर्ड फिल्म म्हणजे पुरी. पीव्हीसीचा गरम गोळा रोलरमधून लाटत लाटत पातळ करायचा. मैद्याची पुरी लाटून बाजूला ठेवली की कशी आकसते, तसंच हिचं, लाटतानाचा ताण आत राहतो आणि उन्हात गाडी तापली की हिला जुना आकार आठवतो. कास्ट फिल्म म्हणजे घावन. पातळ पीठ ओतायचं, भट्टीतून न्यायचं, पातळ करायला घातलेलं सॉल्व्हंट उडून जातं आणि उरते ती फिल्म. तिला कुणी लाटलं नाही की ओढलं नाही, त्यामुळे माघारी जायला जुना आकारच नाही. कास्ट असते साधारण ५० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीची, आणि कॅलेंडर्ड त्याहून जाड, ७५-१०० मायक्रॉनपर्यंत. टेम्पोची सपाट बॉडी, दुकानाचा बोर्ड, रेडियमची अक्षरं, इथं कॅलेंडर्ड मस्त चालते आणि स्वस्तही पडते, पण बंपर, आरसे, दाराची हँडलं असल्या गोलाईवर कास्टच पाहिजे, तिथं पैसे वाचवू नका. रोल १.५२ मीटर म्हणजे पाच फूट रुंद येतो, स्विफ्टएवढ्या गाडीला पंधरा-सोळा मीटर धरा आणि पहिल्यांदाच करत असाल तर वर दोन मीटर चुकांचे धरा. मी नव्हते धरले.

आता मेख अशी की माझा रोल कास्टच होता, तरी सरकला. कारण ताण कारखान्यात बसलाच नव्हता, तो दाजींनी आणि मी पार्किंगमध्ये बसवला.

त्याच्याकडे येतोच, आधी गोंद. ह्या फिल्मचा गोंद दाबावर चालतो, नुसता टेकला तर अर्धवट धरतो, दाबला की रंगाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो आणि मग पक्का होत जातो, पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात. चांगल्या फिल्मच्या गोंदात डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक नाल्यांची जाळी असते, लायनर म्हणजे मागचा कागद सोलला की त्याच्यावर ती जाळी उमटलेली दिसते. अडकलेली हवा ह्या नाल्यांतून कडेला निघून जाते. थ्रीएम असो, एव्हरी डेनिसन असो, सगळ्यांकडे हे असतं, नावं वेगवेगळी. ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, हवेला कडेपर्यंत वाट मोकळी पाहिजे, म्हणजे आधी चारी बाजूंनी कडा दाबून मग मध्ये आलात तर तुम्ही हवेला कोंडलंत. मी नेमकं तेच केलं होतं. दोन, साबणाचं पाणी मारू नका. काचेची फिल्म आणि पीपीएफ (रंगाला चरे पडू नयेत म्हणून लावतात ती पारदर्शक फिल्म) पाण्यावर लावतात म्हणून लोक इथंही स्प्रे घेऊन उभे राहतात, पण इथं पाणी त्या नाल्यांत जाऊन बसतं आणि गोंदाला पकडू देत नाही. हे काम कोरडं.

धुणं-पुसणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि सगळ्यात जास्त काम इथंच बिघडतं. शॅम्पूनं गाडी धुवायची, झाडाचा डिंक, डांबराचे ठिपके काढायचे, क्ले बार (रंगावर रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवायचा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल सत्तर भाग, पाणी तीस भाग, असं करून दोन फडक्यांनी पुसायचं, एकानं ओलं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्यानं कोरडं. एकच फडकं वापरलं तर मेण आणि तेल निघत नाही, नुसतं इकडून तिकडं पसरतं. टायर चमकवायचं जे सिलिकॉन असतं त्याचे शिंतोडे दारांच्या खालच्या भागावर उडालेले असतात, तिथं फिल्म हमखास सुटते. रंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे चमकेसाठीचा गुळगुळीत थर, असेल तर ते आधी उतरवा. आणि जिथं फिल्म दुमडून आत जाणार, म्हणजे बॉनेटच्या खालची कड, दाराची आतली कड, डिकीचा कोपरा, तिथं नखावर फडकं गुंडाळून घासा, कारण वरून चकचकीत गाडीच्या त्या कडेत वर्षानुवर्षांचा चिखल असतो आणि नेमकी तीच जागा फिल्मला धरून ठेवणार असते. पावसाळ्यात आणखी एक भानगड, रबराच्या पट्ट्यांमागं पाणी साचलेलं असतं आणि आपण हीट गन (गरम हवा फेकणारी बंदूक) लावली की हळूच बाहेर येतं, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या किंवा सरळ आदल्या दिवशी धुवून रात्रभर सुकू द्या.

धुळीचं म्हणाल तर लायनर सोलताना फिल्मवर स्टॅटिक म्हणजे स्थिर वीज तयार होते आणि आजूबाजूची धूळ, कुत्र्याचा केस, काय असेल ते ओढून घेते. दादाचा उपाय साधा, काम सुरू करायच्या आधी जमिनीवर सडा मारायचा, पंखा बंद. घामानं माणूस निथळतो पण धूळ खाली बसते.

हवामान पण बघा. २० ते २५ डिग्रीच्या आसपास फिल्म शहाण्यासारखी वागते, फार थंडीत कडक होते आणि गोंद धरत नाही, तापलेल्या पत्र्यावर इतकी चिकटते की उचलून परत लावायला गेलात तर ताणून बसते. आम्ही एप्रिलात सकाळी अकराला सुरू केलं होतं, बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. दादाला सांगितलं तर तो नुसता हसला.

दुसऱ्या वेळी बॉनेट त्याच्या शेडमध्ये, सकाळी साडेसहाला केलं. दाजी एका बाजूला, मी दुसऱ्या, फिल्म चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्त ठेवून कापलेली, लोगो आणि पाण्याचे नोझल आधीच काढलेले. लायनर काढला, चार कोपरे धरले आणि हळूच खाली आणलं. दाजींनी सवयीनं गादीवरची चादर ओढावी तशी ओढली, तर दादा लगेच ओरडला, “दाजी, ओढू नका, नुसतं धरा. सुरकुती गेली की बास.” (दाजी माझे, पण आता अख्खी गल्ली त्यांना दाजी म्हणते.) फिल्म पाण्यासारखी सपाट दिसली की ओढणं तिथंच थांबवायचं, त्याच्यापुढं जेवढं ओढाल तेवढं टेन्शन. ओढावं लागलंच तर चिमटीत धरून एका जागेवरून नाही, दोन्ही हात लांब-लांब ठेवून, म्हणजे ताण मोठ्या भागात वाटला जातो. एका जागी ओढलं की तिथं फिल्म पातळ होते आणि सॅटिन किंवा मेटॅलिक असेल तर रंगही फिका पडतो. मेटॅलिक आणि कार्बन फायबरच्या नक्षीच्या फिल्मचे सगळे तुकडे रोलवर ज्या दिशेनं होते त्याच दिशेनं लावायचे, नाहीतर बॉनेट एका रंगाचं आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, दुसऱ्या रंगाचा दिसतो.

मग स्क्विजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची हातातली पट्टी. कडेला फेल्ट (मऊ नमद्यासारखं कापड) लावलेली घ्या, नुसत्या प्लास्टिकनं चरे पडतात, आणि फेल्ट झिजलं की बदला. पहिला हात बॉनेटच्या बरोबर मधून, मग मधून डावीकडं, मधून उजवीकडं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे, घर सारवताना बाईचा हात जसा फिरतो तसा. स्क्विजी साधारण ४५ डिग्रीत, दाब एकसारखा, आणि घाई नको. फुगे बहुतेक वेळा इथंच जन्माला येतात, दोन पट्ट्यांच्या मध्ये बोटभर जागा सुटते आणि तिथं हवा राहते. शेवटचा इंचभर भाग कुठंच दाबायचा नाही, तिकडूनच हवा बाहेर जाणार आहे.

आणि मध्येच सुरकुती पडली, पडतेच, तर तिच्यावर स्क्विजी दाबायची नाही. दाबलीत तर घडी कायमची. तेवढा भाग उचला, हवेत धरा आणि हीट गन थोड्या अंतरावरून फिरवा. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच तोंड उघडं राहिलं, चुरगळलेली फिल्म आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू सरळ होते, एखादी इस्त्री आतून फिरावी तशी. फिल्मला ताणलं होतं, गरम झाल्यावर ती मूळ आकारात परत गेली. मग थोडं थांबायचं, गार होऊ द्यायची आणि परत लावायची.

आता हाच गुण आपला घात कसा करतो ते बघा. बॉनेटची पुढची कड, बंपरमधली फॉगलॅम्पची खाच, दाराच्या हँडलमागची वाटी, इथं आपण फिल्म ओढून दाबून बसवतो. गाडी उन्हात उभी राहते, पत्रा तापतो, म्हणजे आपण हीट गननं जे मुद्दाम केलं तेच ऊन करतं. फिल्म मूळ आकाराकडे निघते, गोंद काही दिवस धरतो, मग सोडतो. खाचेत फिल्म ढोलाच्या पानासारखी वर येते आणि खाली मोठा फुगा दिसतो. लोक म्हणतात हवा राहिली होती. हवा नव्हती राहिली, फिल्म उठली म्हणून खाली पोकळी झाली.

ह्यावर दोन उपाय. पहिला म्हणजे मुळात कमी ताणायचं. खाच असेल तर वरून तंबू ठोकून मग मधोमध अंगठा घालायचा नाही, आजूबाजूची सैल फिल्म आधी खाचेत ढकलायची आणि मग बाहेरच्या बाजूला सरकायचं. फारच खोल असेल तर तिथं वेगळा तुकडा लावतात, जोड दिसत नाही नीट लावला तर. दुसरा म्हणजे शेवटची शेकणी, ह्याला पोस्ट हीट म्हणतात. जिथं जिथं फिल्म ताणली गेलीय ती प्रत्येक जागा आणि प्रत्येक कड ९० ते १०० डिग्रीच्या आसपास तापवायची. फिल्मच्या माहितीपत्रकात कंपनीनं दिलेला आकडा असतो तोच धरा, कंपनीप्रमाणे थोडा बदलतो. हे हाताला कळत नाही, लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड थर्मामीटरची पिस्तूल मिळते ती घ्या. ह्या तापमानाला, फिल्म चिकटलेल्या अवस्थेत असताना, प्लास्टिकच्या साखळ्या सैल होऊन नव्या आकारात बसतात आणि जुनी आठवण पुसली जाते. म्हणजे उचलून गरम केली तर फिल्म मागं जाते, चिकटवून भरपूर गरम केली तर आहे तिथंच स्थिरावते. माझ्या पहिल्या बॉनेटची शेकणीच झाली नव्हती, व्हिडिओ दहाच मिनिटांचा होता आणि त्यात तो भाग कापलेला होता.

कापण्याबद्दल थोडक्यात. ब्लेड ३० डिग्रीच्या टोकदार कोनाचं आणि कायम नवं, दोन-चार काप झाले की टोक मोडायचं. टोक मोडायचं हे ब्लेड जपानच्या ओल्फावाल्यांनी १९५६ मध्ये काढलं, चॉकलेटच्या वडीचे तुकडे पडतात ते बघून सुचलं म्हणतात, आणि आपण एकच टोक महिनाभर वापरतो. बोथट ब्लेडला जोर लागतो आणि जोर लावला की ब्लेड फिल्मच्या खाली रंगात जातं, तो चरा रॅप काढल्यावर दिसतो. भीती वाटत असेल तर नाइफलेस टेप वापरा, तिच्यात दोरा असतो, फिल्मखाली टेप लावायची आणि वरून दोरा खेचला की फिल्म कापली जाते, रंगाला काही नाही. कडेला चार-पाच मिलिमीटर तरी आत दुमडेल एवढी ठेवायची.

एवढं करूनही फुगा आलाच तर त्याला नुसतं फोडू नका, आधी ओळखा. अंगठ्यानं ढकलला आणि सरकला तर हवा आहे, जवळच्या कडेकडे हळूहळू ढकलत न्या. अगदी बारीक असतील तर सोडून द्या, नाल्यांतून दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. मधोमध अडकलाय आणि हलत नाही, तर बारीक सुई फुग्याच्या बाजूनं, आडवी, कडेजवळ टोचायची. मी डोक्यावरच टोचत होतो, म्हणून माझ्या पहिल्या बॉनेटवर ऊन पडलं की देवीचे व्रण दिसायचे. टोचल्यावर थोडं कोमट करून बोटानं भोकाकडे दाबत जायचं. दाबल्यावर मध्ये कडक दाणा लागला तर ती धूळ आहे, ताजं काम असेल तर उचलून काढा, नाहीतर त्या दाण्याशी जुळवून घ्या. आणि एखाद्या पट्ट्यात चंदेरी धुरकट झाक दिसत असेल तर तिथं स्क्विजी नीट फिरलीच नाही, परत दाबा.

एक फुगा मात्र असा आहे की त्याला काहीच इलाज नाही. डाव्या फेंडरला एका टेम्पोनं घासलं होतं, तो जवळच्या गॅरेजमध्ये लांबी (पुट्टी) भरून रंगवून आणला आणि पाचव्या दिवशी मी त्याच्यावर रॅप चढवला. आठवड्याभरात फेंडरभर घामोळं उठल्यासारखे बारीक फोड. दाबले की जायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे यायचे. हवा नव्हतीच ती, ताज्या रंगातलं सॉल्व्हंट वाफ होऊन बाहेर येत होतं आणि वर प्लास्टिकचं झाकण. नवीन रंगाला कमीत कमी तीन आठवडे मोकळं ठेवतात, बरेच जण महिना ठेवतात. चूक गॅरेजवाल्याची नव्हती, त्यानं विचारलंही नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. फिल्म काढायला गेलो तर तळहाताएवढा रंग लांबीसकट फिल्मबरोबर आला. म्हणून गाडी कुठं रंगवलेली असेल, विशेषतः सेकंडहँड गाडी, तर आधी एका कोपऱ्यात चांगली चिकट टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग आला तर रॅपचा विचार सोडा.

झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या कडांवरून एकदा बोट फिरवायचं, कुठं उठली असेल तर शेकून दाबायची, आठवडाभर धुवायची नाही आणि नंतरही वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप कडेवर धरू द्यायचा नाही. बॉनेट आणि टप दारांच्या आधी जुने होणार हे धरून चाला, ऊन सरळ त्यांच्यावर पडतं आणि कंपन्या पण आडव्या भागाला वॉरंटी कमी देतात. आणि हो, आरसी बुकावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, पूर्ण रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या, नंतर नाक्यावर समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

दुसरं बॉनेट आता अडीच महिने झाले, कडेला रेघ नाही. आरसे, दारं, डिकी, सगळं ग्रे झालं. फक्त डावा फेंडर परत रंगवलाय आणि पांढराच आहे, त्याच्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावून रंगाची तारीख लिहून ठेवलीय. शेजारचे काका रोज सकाळी फिरून येताना थांबतात, “काय रे, एवढंच राहिलं होय?” मी म्हणतो, “काका, अजून बारा दिवस.”